कागद घरातच राहू द्या: गावात इतिहास मंडळ चालवायचं ते कसं

पहिला नियम आधी सांगतो, बाकीचं मागाहून. कुणाच्याही घरातला कागद, फोटो, भांडं, तलवार, काही म्हणजे काही मंडळाने ताब्यात घ्यायचं नाही. जागेवर फोटो काढायचा, माप घ्यायचं, सांगणाऱ्याचं नाव लिहायचं आणि वस्तू होती त्या पेटीत, होती त्याच घडीत परत ठेवायची. घरधनी "न्या हो, आमच्या काय कामाचं" म्हणाला तरी नाही.

मी इतिहासकार नव्हे. डिचोली तालुक्यात तलाठी म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या काही जणांबरोबर हा उद्योग मांडला. साखळी, वाळपई, पेडणे इथून लोक विचारतात, आम्हालाही असं मंडळ काढायचंय, काय करू? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हौशी माणसाचं पहिलं स्वप्न म्युझियमचं असतं. पंचायतीकडून एक खोली, एक काचेचं कपाट, त्यात समई, पानाचा डबा, भात मोजायचा कुडव, कुणाच्या तरी पणजोबांची काठी. दुसऱ्या पावसाळ्यात कपाटात बुरशी, पंचायत बदलली की खोलीला कुलूप, आणि कुठली समई कुणाच्या घरची हे सांगणारा एव्हाना वारलेला. त्यातून गोव्यात जुना कागद हा नुसता जुना नसतो. मुंडकारपणाचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा) दावा, देवस्थानातलं महाजनपण (वंशपरंपरेचं सभासदत्व), भाटाची (माडबागायतीची) हद्द, सगळं त्याच्यावर लटकलेलं असतं. तुम्ही तो काखोटीला मारून निघालात की घरातल्या माणसाला रात्री झोप लागत नाही आणि पुढच्या खेपेला दार अर्धंच उघडतं. तुम्ही काहीच नेत नाही हे एकदा गावभर झालं, की लोक आपणहून माळ्यावरची दुसरी पेटी काढतात.

नोंदणीची घाई करू नका. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करायला सात माणसं लागतात. ती मिळतात, पण अध्यक्ष कोण यावरून पहिलं वर्ष जातं. आधी वर्षभर काम करा, टिकणारी माणसं आपोआप दिसतील. पदांपेक्षा हात महत्त्वाचे. मोडी वाचणारा किंवा शिकायची तयारी असलेला एक. पोर्तुगीज वाचणारा एक, म्हणजे जुन्या काळी सेगुंद ग्राव किंवा लिसेव ही पोर्तुगीज शाळा केलेला, आणि त्याला गाठायची मात्र खरंच घाई करा. फोन नीट चालवणारा एक तरुण. स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकणारी एक बाई. आणि गावात कुणाशीच वैर नसलेला एक, हा सर्वांत दुर्मीळ. खर्च म्हणाल तर हार्ड डिस्क, वह्या आणि चहा. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे आणि बॅनर या चार गोष्टींवर पहिली दोन वर्षं बंदी घाला. सत्कार करता करता संपलेली मंडळं मी बरीच पाहिली आहेत.

सुरुवात राजेरजवाड्यांपासून करू नका. आमच्याकडे प्रत्येकाला नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापासून सुरू करायचं असतं. तिथला शके १५९० चा, म्हणजे नोव्हेंबर १६६८ चा, शिवाजी महाराजांचा शिलालेख कधीच वाचून, छापून झालाय. नमाजगा (नमाजाची जुनी जागा), हरवळ्याची लेणी, लामगावची लेणी यांच्यावरही अभ्यासकांनी लिहिलंय. तुमच्या वाड्यावरची बाव, म्हणजे विहीर, कुणी खणली हे मात्र कुणीच लिहिलेलं नाही आणि तुम्ही सोडून कुणी लिहिणारही नाही.

मी सुरुवात करतो एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारख्या आमच्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यापासून. गोव्यात जमीन असलेल्या प्रत्येकाला हा कागद ठाऊक असतो, पण सगळ्यांची नजर कब्जेदाराच्या रकान्यावर. तुम्ही बघा शेताच्या नावाचा रकाना. १९६८ च्या जमीन महसूल कायद्यानंतर जी मोजणी झाली, त्या वेळी सर्व्हे नंबराबरोबर जमिनीचं चालू नावही टिपलं गेलं. तळ्याकडली, कुंभारभाट, मठाकडचं, गुरवाची नमशी अशी ती नावं. नमशी म्हणजे देवळाच्या सेवेकऱ्याला तोडून दिलेली जमीन. आज तिथे वाजंत्री नाही, गुरव नाही, पण सेवा कुणाकडे होती ते त्या रकान्यात बसलंय. खाली मोरड (उंचावरची), केर (मधली), खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली सखल) असे जमिनीचे प्रकार आहेत, त्यावरून पाणी कुठवर येत होतं तेही कळतं. उतारा आता घरबसल्या संगणकावरही निघतो.

एका वाड्याचे सगळे उतारे काढा, सर्व्हेचा नकाशा मोठा करून छापून घ्या आणि प्रत्येक नंबरावर पेन्सिलीने नाव लिहा. मग तो नकाशा घेऊन वाड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर चाला. बसून विचारू नका, चाला. उताऱ्यावर नावं रोमन लिपीत आहेत, त्यामुळे कुंभारभाट आहे की कुमारभाट हे बांधावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. आणि चालताना माणसाला जे आठवतं ते वसरीत खुर्चीवर बसून आठवत नाही. "थंय बांय आसली" (तिथे विहीर होती) म्हणून तो हात करतो, तुम्ही झुडपं बाजूला करता आणि खरंच चिऱ्यांचा गोल कठडा दिसतो. त्या बांयीची जागा फोनवर लोकेशन टाकून लगेच नोंदवा.

खाणपट्ट्यातल्या मंडळांना हे काम जास्त निकडीचं आहे. आमच्या तालुक्यात आणि पलीकडे सत्तरी, सांग्यात लोहखनिजासाठी डोंगरच्या डोंगर उतरवले गेले. उताऱ्यावर डोंगराचं नाव आहे, जागेवर पाण्याने भरलेला खड्डा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवाले, बार्जवर काम केलेले, वर्कशॉपमधले असे कितीतरी लोक एकदम घरी बसले. लोकांना वाटतं हा काही इतिहास नव्हे, कालचीच गोष्ट आहे. पण सारमानसच्या धक्क्यावर बार्ज कशी भरत, ट्रिपा कशा मोजत, पावसाळ्यात शेतात आलेला तांबडा गाळ काढायला कोण येई आणि भरपाई कशी मिळे, हे सांगणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना आत्ताच विचारा. जुने ट्रिपशीट, खाणीचा ओळखबिल्ला, कामगार युनियनची पावती, यांचेही मोडीच्या कागदाइतक्याच काळजीने फोटो काढा. खाण चांगली की वाईट यावर मंडळात वाद होणारच. तो चहाच्या वेळी करा, नोंदवहीत नको.

आता मुलाखती. "आजोबा, गावाचा इतिहास सांगा" असं विचारलंत की आजोबा परशुरामाच्या बाणापासून सुरू करतात आणि अर्धा तास गेला. प्रश्न छोटा आणि हाताला लागणारा हवा. या घराची कौलं कुठून आली? शाळेत पहिल्या दिवशी कोण घेऊन गेलं? बुधवारच्या बाजारात तुमच्या लहानपणी मीठ कोण विकायचं, मडकी कोण आणायचं? त्यातून माणूस उघडतो.

सनावळी विचारू नका, कुणालाच आठवत नाही. आधाराला खुंट्या ठेवा. लग्न नाकेबंदीच्या वेळी झालं का? म्हणजे १९५५ च्या आसपास. सीमा बंद होती, दोडामार्गच्या पलीकडच्या सोयऱ्यांना यायची चोरी होती, बायकांना ते पक्कं आठवतं. गोवा सुटला तेव्हा थोरला मुलगा चालत होता का? म्हणजे डिसेंबर १९६१. फूल आणि दोन पानांचं मतदान झालं तेव्हा तुम्ही कुठल्या इयत्तेत? म्हणजे जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा यावरचा कौल. राज्य झालं ते १९८७. एवढ्या चार खुंट्यांवर गावातलं बहुतेक आयुष्य टांगता येतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मिळाली तर लिहून घ्या, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका. गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली तारीख आणि नोंदणीतली तारीख अनेकदा जुळत नाही. दोन्ही लिहा.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करायला सांगा, फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक आवाज बोलण्यावर चढतो. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, जागा, समोरच्याचं नाव आणि त्याची परवानगी. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंग करण्यात अर्थ नाही, ते दिवस लिहिण्याचे. माणसं कोकणीत बोलतील. बोलणं जसं आहे तसंच उतरवा, मराठीत फक्त गोषवारा लिहा. सुधारून लिहिलेली मुलाखत ही सांगणाऱ्याची राहत नाही, तुमची होते.

आणि आजोबा बोलत असतात तेव्हा आजी आत असते. आजोबांना देवळाचा मान आणि कोर्टकज्जे ठाऊक. आजीला माहेरचं गाव, धालो या बायकांच्या नाचाची गीतं, दुष्काळात काय खाल्लं, बाळंतपण कुणी केलं, कुठल्या घरातून कुठल्या घरात पाणी जात नव्हतं. शेवटची गोष्ट पुरुष कधीच सांगत नाहीत. तिच्यासाठी वेगळी खेप करा, मंडळातल्या बाईला पाठवा, आणि आजोबा बाजारात गेले असतील अशी वेळ धरा.

कागदांकडे येतो. जुन्या घरात तुम्हाला मुख्यतः तीन प्रकार सापडतील. दुकानाच्या आणि देवस्थानच्या मोडीतल्या वह्या, पोर्तुगीजमधली सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं, आणि नाटकं. देवस्थानचा कोंप्रोमिश (नियमावली) आणि महाजनांचा कातालोग (यादी) सापडला तर उत्तमच. १९३३ च्या नियमांनी देवस्थानांचा कारभार बांधला गेला, त्यामुळे त्या काळातले असे कागद गावोगाव आहेत. पण माझं लक्ष असतं इन्व्हेंतारवर. माणूस वारला की वाटणीसाठी कोर्टात त्याच्या मालमत्तेची यादी होते, पोर्तुगीज काळातही व्हायची, आजही होते. घराच्या चार बाजूंना कोण, माड किती, तांब्याची भांडी वजनावर, सोन्याचे डाग किमतीसह, कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं. एका मधल्या स्थितीच्या घरात शंभर वर्षांपूर्वी काय काय होतं, हे इतक्या बारकाईने सांगणारा दुसरा कागद मला ठाऊक नाही. लोक तो कोर्टाचा म्हणून कंटाळून बाजूला ठेवतात.

फोटो काढायची रीत अशी. खिडकीजवळचं टेबल, थेट ऊन नको. खाली धुतलेली पांढरी चादर. कागदाशेजारी पट्टी. आधी बांधलेलं पुडकं आहे तसं, मग वरचं पान, मग एकेक पान क्रमाने, कोरं पानसुद्धा, कारण मागाहून "एक पान सुटलं का?" या शंकेला उत्तर लागतं. गंजलेली टाचणी दिसली तर आधी ती कुठली पानं जोडते त्याचा फोटो, मग ती सोडवायची की नाही याचा विचार. ओढून काढलीत तर कोपरा तिच्याबरोबर येतो. पानं चिकटली असतील तर तशीच सोडा, ओला बोळा, वाफ, चाकू असले प्रयोग नकोत. जुन्या पोर्तुगीज कागदात अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं दिसतात. ती कसरीने पाडलेली नव्हेत, लोखंडी शाईनेच कागद खाल्लेला असतो. अशी पानं उलटताना खाली जाड पुठ्ठा सरकवा आणि दोघांनी मिळून उलटा. थुंकी लावून पान उलटणाऱ्या सभासदाला चहा करायला पाठवा.

घरच्यांना जाताना एवढंच सांगा: सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, गोव्याच्या दमट हवेत आत घाम धरतो. धुऊन वाळवलेल्या मांजरपाटाच्या रुमालात बांधा, भिंतीला लागून असलेल्या कपाटाऐवजी मधल्या खोलीत जमिनीपासून उंच ठेवा आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत एकदा उघडून वाळवी बघा. आमच्या पूर्वजांनी दफ्तरं रुमालातच बांधली, ते उगाच नव्हे.

नाटकांचं थोडं. आमच्या गावांत देवाच्या उत्सवाला गावकऱ्यांनीच नाटक करायची जुनी चाल. त्यामुळे घरोघरी हँडबिलं, हाताने उतरवलेल्या नक्कला, मेकअपमधले फोटो असतात. फोटोतली माणसं ओळखायला आम्ही एक युक्ती केली. फोटो मोठा छापून प्रत्येक डोक्यावर आकडा घातला आणि कालोत्सवाच्या दिवशी देवळाच्या मंडपात दोरीला टांगला, शेजारी पेन बांधून. संध्याकाळपर्यंत बहुतेक आकड्यांपुढे नावं आली, काहींपुढे दोन-दोन. साडी नेसलेला नायिकेचा नट कोण यावर दोन वाड्यांत जुंपली ती अजून मिटलेली नाही. वहीत दोन्ही नावं आहेत.

वहीची मांडणी साधी ठेवा. प्रत्येक नोंदीला एक शेरा: पाहिलं, वाचलं की ऐकलं. वाळपईच्या एखाद्याने आपला पूर्वज १८५२ च्या दीपाजी राण्यांच्या बंडात होता असं सांगितलं, तर ते "ऐकलं", आणि त्याने कुणाकडून ऐकलं तेही. मग पणजीच्या पुराभिलेखागारात नाव सापडलं तर खाली दुसरी ओळ "वाचलं". पहिली ओळ खोडायची नाही. या एका शेऱ्याने अर्धे वाद उभेच राहत नाहीत.

पणजीला जाल तेव्हा तयारीने जा. पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ सालची, तेव्हा दियोगो द कौतो याच्याकडे ते काम सोपवलं होतं. तिथे जाऊन "आमच्या गावाचं काय आहे?" असं विचारलंत तर कुणीच काही देऊ शकणार नाही. तालुका, अंदाजे वर्षं आणि विषय कागदावर लिहून न्या. डिचोली, सत्तरी, पेडणे हा नव्या काबिजादीतला भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आला, त्यामुळे तिसवाडी-बार्देशसारखी सोळाव्या शतकापासूनची कागदांची सलग रांग आपल्या गावासाठी शोधत बसू नका. त्याआधीच्या काळासाठी मोडी आणि सावंतवाडीकडची बाजू बघावी लागते. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, जे १८३२ पासून चालत आलंय, जुनी वर्तमानपत्रं आणि बोलेतीं, म्हणजे पोर्तुगीज काळातली सरकारी राजपत्रं, बघा. बोलेतींत लिलाव, नेमणुका, देवस्थानच्या नोटिसा असतात. वाचायला रुक्ष, पण गावाचं नाव सापडलं की दिवस सोन्याचा. पर्वरीचं झेवियर सेंटर हे इतिहास संशोधन केंद्रही जमेत धरा.

दगडांबद्दल थोडक्यात. वीरगळ, सतीशिळा, केळबाय म्हणून पुजली जाणारी गजलक्ष्मी दिसली की ती घासू नका, धुऊ नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरू नका. संध्याकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूने धरलेली बॅटरी पुरते. तेल, शेंदूर असेल तर असू द्या, ती चालती पूजा आहे. आधी गुरवाला किंवा गावकऱ्याला विचारा, चपला काढा. आणि उचलून नेण्याजोग्या मूर्तीची नेमकी जागा फोटोबरोबर कधीही जाहीर करू नका. खणताना काही मिळालं तर पुरातत्त्व खात्याला कळवा, देवळात नेऊन रंगवू नका.

सर्वांत अवघड भाग पुढे येतो, तुमचं काम लोकांना ठाऊक झाल्यावर. एके सकाळी कुणीतरी येतो, पेढे घेऊन. पालखीला पहिला खांदा आमच्या वांगडाचा (कुळीचा), तेवढं मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्या. दुसरा येतो मुंडकाराच्या केससाठी, तिसरा महाजनांच्या यादीत नाव घालण्यासाठी. उत्तर सगळ्यांना एकच: मंडळ दाखला देत नाही. नोंद हवी तर बघा, तुमच्याकडे जे सांगितलं गेलं ते तुमच्या नावाने आहे, पलीकडच्यांनी सांगितलं ते त्यांच्या नावाने. हे ठरावात लिहून पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे पुढे भीड आड येत नाही. सरकारी नोकरीत मी एवढं नक्की शिकलो, की सही केलेला कागद कुठे जाऊन उभा राहील ते सही करणाऱ्याला कधीच कळत नाही. लेटरहेड छापूच नका, हा माझा सल्ला. आणि ज्या घराने "हे बाहेर जाऊ नये" म्हणून सांगितलं, त्याच्या फाइलवर तसं लिहून ती वेगळी ठेवा, अध्यक्षाच्या जावयालासुद्धा दाखवू नका.

फाइलींना नाव देताना तारीख, वाडा, घर, अनुक्रमांक हा क्रम ठरवा आणि कधीच बदलू नका. "नवीन फोल्डर" नावाच्या फोल्डरात काहीही ठेवणाऱ्याचा फोन काढून घ्या. स्कॅनरवर मजकुराला ३०० आणि फोटोला ६०० डीपीआय पुरे. प्रती तीन: एक मंडळाच्या डिस्कवर, एक दुसऱ्या वाड्यावरच्या सभासदाच्या घरी, कारण नदीचं पाणी पेठेत शिरतं तेव्हा ते डिस्क बघून शिरत नाही, आणि तिसरी ज्या घराचा कागद त्या घराला. घरची प्रत पेनड्राइव्हवर देऊ नका, तो नातवाच्या गाण्यांखाली जातो. चांगल्या कागदावर छापून, दोऱ्याने शिवून, वर मोडी किंवा पोर्तुगीजचा मराठी गोषवारा लावून द्या, आणि ती मूळ कागदांच्या त्याच पेटीत ठेवायला सांगा.